एक इंजिन गेले तर: किंग एअर सी-९० शिकणाऱ्यांसाठी आणीबाणीची कार्यपद्धती

दोन इंजिनांच्या किंग एअर सी-९० विमानात डाव्या सीटवर बसलात की आधी उजव्या हाताशी असलेले सहा लिव्हर ओळखून घ्या. डावीकडची जोडी पॉवर लिव्हरची, मधली प्रॉपेलरची आणि उजवीकडची कंडिशन लिव्हरची, म्हणजे इंजिनाचे इंधन चालू-बंद करणारी. प्रत्येक जोडीत डावा लिव्हर डाव्या इंजिनाचा, उजवा उजव्याचा. डोळे मिटून एकेकाला हात लावा आणि त्याचे नाव मोठ्याने म्हणा. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर डायमंड डीए-४२ शिकून आलेल्यांनी तर हे पुन्हा पुन्हा करावे, कारण त्या विमानात एका इंजिनाला एकच लिव्हर असतो आणि प्रॉपेलरचे कोन संगणक सांभाळतो. इथे ते काम तुमच्या हाताचे आहे.

खालचे आकडे पीटी६ए-२१ इंजिनाच्या सी-९०ए आणि सी-९०बी विमानांचे आहेत. जुन्या सी-९० चे, नंतरच्या सी-९०जीटीआयचे किंवा अमेरिकन नौदलाने कॉर्पस ख्रिस्तीला वर्षानुवर्षे प्रशिक्षणासाठी वापरलेल्या टी-४४ चे आकडे वेगळे आहेत. तुम्ही ज्या विमानात बसणार त्याच्या फ्लाइट मॅन्युअलमधला आकडा हाच अखेरचा. इथला मजकूर ते मॅन्युअल समजून वाचता यावे म्हणून आहे.

इंजिन गेल्यावर विमान का वळते

पीटी६ मध्ये दोन भाग आहेत. एक गॅस जनरेटर, ज्याच्या फेऱ्या एन-वन म्हणून टक्क्यांत दिसतात. दुसरे पॉवर टर्बाइन, जे गिअरबॉक्समधून प्रॉपेलर फिरवते. या दोघांना जोडणारा दांडा नाही, मध्ये फक्त गरम वायूचा झोत आहे. प्रॉपेलरच्या पात्यांचा कोन तेलाच्या दाबावर ठरतो. दाब आला की पाती सपाट होतात, म्हणजे फाइन पिचकडे जातात. दाब गेला की स्प्रिंग आणि वजने त्यांना फेदरकडे, म्हणजे वाऱ्याला धार लागेल अशा कोनात ढकलतात.

आता इंजिन बंद पडले असे धरा. फेऱ्या कमी होऊ लागतात. गव्हर्नरला, म्हणजे प्रॉपेलरच्या फेऱ्या ठरावीक ठेवणाऱ्या यंत्राला, तेवढेच कळते. फेऱ्या टिकवण्यासाठी तो पाती आणखी सपाट करतो. आतून शक्ती येत नसते, वारा पाती फिरवत असतो, आणि त्या बाजूला विमानाच्या नाकाएवढी एक गोल थाळीच जणू वाऱ्याला आडवी उभी राहते. चालू इंजिनाचा जोर एका बाजूला आणि या थाळीचा रोध दुसऱ्या बाजूला, म्हणून विमान मेलेल्या इंजिनाकडे वळते आणि लगेच त्याच बाजूला कलंडू लागते. फेदर करणे इतके तातडीचे का, ते यातच आहे. पाती फेदर झाली की हा रोध जवळजवळ नाहीसा होतो.

दोन्ही प्रॉपेलर मागून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. त्यामुळे डावे इंजिन गेलेले जास्त वाईट: उजव्या प्रॉपेलरचा जोर विमानाच्या मध्यापासून अधिक दूर लागतो.

गोव्यातल्या आयएनएस हंसा आणि कोचीतल्या आयएनएस गरुडा या तळांवरचे डॉर्नियर २२८ वेगळ्या जातीचे आहे. त्याच्या टीपीई३३१ इंजिनात एकच दांडा असतो, त्यामुळे बंद पडलेला प्रॉपेलर वाऱ्याने फिरताना सगळा कॉम्प्रेसर ओढत राहतो आणि रोध भयंकर वाढतो. उलटा टॉर्क, म्हणजे प्रॉपेलरने इंजिनाला फिरवण्याचा जोर, ओळखणारी यंत्रणा पाती फेदरकडे ढकलून रोध कमी करते, पण फेदर पूर्ण करण्याची कृती वैमानिकालाच करावी लागते. एका विमानाची सवय दुसऱ्यात नेऊ नका.

धावपट्टीवर जाण्याआधीच्या तीन गोष्टी

पहिली, रडर ट्रिम, म्हणजे शेपटीवरचे रडर एका बाजूला धरून ठेवणारी सोय. चाक शून्यावर आहे हे नजरेने बघून बोटाने तपासा. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी मेलबर्नच्या एसेंडन विमानतळावरून किंग एअर बी२०० उडाले तेव्हा रडर ट्रिम पूर्ण डावीकडे होता. विमान काही सेकंदांतच शेजारच्या खरेदी-संकुलावर पडले आणि आतले पाचही जण गेले. चेकलिस्टमध्ये हा तपास एकाहून अधिक वेळा येतो. प्रत्येक वेळी तो खरोखर करा.

दुसरी, पॉवर लिव्हरच्या घर्षणाची कळ. टेकऑफला लिव्हर पुढे नेले की त्यांना मागे ओढणारा एक ताण किंग एअरमध्ये असतोच. कळ सैल असेल आणि गिअर, म्हणजे चाके, उचलण्यासाठी तुम्ही लिव्हरवरून हात काढला, तर एक लिव्हर, बहुतेकदा डावा, हळूच मागे सरकतो. टॉर्क पडतो, विमान डावीकडे वळते, आणि वैमानिकाला वाटते इंजिन गेले. शिवाय लिव्हर मागे आला की ऑटोफेदर, म्हणजे इंजिन गेल्यावर प्रॉपेलर आपोआप फेदर करणारी यंत्रणा, तीही निकामी होते. कळ इतकी घट्ट करा की लिव्हर हलवायला थोडा जोर लागेल. विमान अचानक एका बाजूला वळले तर हात आधी दोन्ही पॉवर लिव्हर पूर्ण पुढे नेण्यासाठीच जावा. पुष्कळदा उपाय तिथेच सापडतो.

तिसरी, ऑटोफेदरची चाचणी. टॉर्क सुमारे ५०० फूट-पाउंडवर ठेवून स्विच टेस्टवर धरा. दोन्ही हिरवे दिवे लागायला हवेत. एक लिव्हर हळूहळू मागे घ्या. टॉर्क ४०० च्या आसपास आला की दुसऱ्या बाजूचा दिवा विझतो. म्हणजे दोन्ही प्रॉपेलर एकदम फेदर होऊ नयेत म्हणून यंत्रणेने दुसऱ्या इंजिनाला राखून ठेवले. टॉर्क २०० च्या आसपास येताच ज्याचा लिव्हर मागे घेतला त्या बाजूचा प्रॉपेलर फेदरकडे जाऊ लागतो. दुसऱ्या बाजूलाही हेच करा. मग स्विच आर्मवर ठेवा. टेकऑफला दोन्ही लिव्हर साधारण ९० टक्के एन-वनच्या पुढे गेल्यावर हिरवे दिवे लागले पाहिजेत. ते लागले नाहीत तर टेकऑफ सोडा.

एवढे झाल्यावर ब्रीफिंग मोठ्याने बोला. एकटे असलात तरी बोला. चाके जमिनीवर असेपर्यंत काहीही बिघडले तर थांबायचे. चाके सुटली आहेत, गिअर अजून खाली आहे आणि समोर धावपट्टी उरली आहे, तर तिथेच उतरायचे. गिअर वर गेला की उडत राहायचे. पुण्याला धावपट्टीच समुद्रसपाटीपासून १,९०० फुटांहून उंच आहे, नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. अशा दिवशी एका इंजिनावर चढायची क्षमता किती उरते, ते निघण्याआधी मॅन्युअलच्या आलेखातून काढा. कधी कधी उत्तर येते की वजन कमी करा किंवा सकाळी लवकर निघा. ते उत्तर ऐका.

टेकऑफनंतर इंजिन गेले

दोन वेग पक्के पाठ असू द्या. सी-९०बी मध्ये वेगमापकावरची लाल रेघ ८० नॉटवर आहे: त्याच्या खाली एका इंजिनावर रडर पुरत नाही. निळी रेघ १०८ नॉटवर, तिथे एका इंजिनावर सर्वांत चांगली चढ मिळते. या दोन रेघांमधल्या पट्ट्यात विमान काबूत असते, पण चढेलच असे नाही.

आता क्रम:

१. विमान सरळ ठेवा. ज्या पायाला जोर लावावा लागतो तो चालू इंजिनाच्या बाजूचा. चालू इंजिनाकडे साधारण पाच अंश कल द्या. विमान बाजूला घसरते का ते दाखवणारा चेंडू अर्धा बाहेर दिसेल, तो तसाच असू द्या. नाक किंचित खाली घ्या, कारण वेग फार लवकर पडतो.

२. दोन्ही पॉवर लिव्हर पुढे, मर्यादेपर्यंत. टॉर्क १,३१५ फूट-पाउंड आणि आयटीटी, म्हणजे टर्बाइनमधल्या वायूचे तापमान, ६९५ अंश सेल्सिअस, यांतले जे आधी येईल तिथे थांबा. गरम दिवशी आयटीटीच आधी येते.

३. प्रॉपेलर लिव्हर पूर्ण पुढे आहेत हे बघा.

४. गिअर वर.

५. मेलेले इंजिन ओळखा. मोकळा पाय ज्या बाजूचा, इंजिन त्या बाजूचे. कॉकपिटमध्ये याला "डेड फूट, डेड इंजिन" म्हणतात. पायाने सांगितलेले टॉर्क मीटरवर ताडून बघा. दोघांचे उत्तर एकच यायला हवे.

६. प्रॉपेलर फेदर झाला का ते बघा. ऑटोफेदरने काम केले असले तरी त्याच बाजूचा प्रॉपेलर लिव्हर मागे, फेदरवर ओढा.

७. अडथळे पार होताच निळी रेघ. मग फ्लॅप वर.

इथवरचे तोंडपाठ हवे. पुढचे चेकलिस्ट हातात घेऊन करा: कंडिशन लिव्हर फ्युएल कटऑफवर, इंजिनाकडे जाणारे इंधन अडवणारा फायरवॉल व्हॉल्व्ह बंद, त्या बाजूचे ऑटो इग्निशन, ऑटोफेदर आणि जनरेटर बंद, उरलेल्या जनरेटरवरचा भार मर्यादेत.

पायरी ५ आणि ६ वर थोडे थांबू, कारण खरे घात इथेच होतात. पिस्टन विमानात शिकलेली सवय अशी: संशयित इंजिनाचा थ्रॉटल मागे घेऊन बघायचे, काही फरक पडला नाही तर ते मेलेले. किंग एअरमध्ये फेदर होण्याआधी तो पॉवर लिव्हर मागे घेतला की त्याच्याखालचा स्विच ऑटोफेदर बंद करतो. फेदरकडे निघालेली पाती परत सपाट होऊ शकतात आणि तुम्ही स्वतःच रोध परत आणता. म्हणून लिव्हरला हात न लावता पाय आणि टॉर्क मीटर यांवरून ठरवा. पॉवर लिव्हर मागे घ्यायचा असेल तर प्रॉपेलर लिव्हर फेदरवर गेल्यानंतर.

आणि घाई. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२ मध्ये उजवे इंजिन विनाकारण फेदर झाले, आणि वैमानिकाने चालू असलेले डावे इंजिन मागे घेऊन बंद केले. ५८ जणांपैकी ४३ गेले. तो वैमानिक नवखा नव्हता. यातून घ्यायची सवय अशी: लिव्हरवर बोटे ठेवा, पण ओढू नका. "लेफ्ट प्रॉपेलर" असे मोठ्याने म्हणा. शेजारचा वैमानिक टॉर्क मीटर बघून "कन्फर्म" म्हणेल, तेव्हाच ओढा. यात दोन सेकंद जातात. विमान सरळ आहे आणि वेग निळ्या रेघेवर आहे तर ही दोन सेकंदे तुमच्याकडे असतातच.

इंजिन परत चालू करायच्या फंदात खालच्या उंचीवर पडू नका. का बंद पडले ते कळले असेल, उदाहरणार्थ इंधनाची चुकीची निवड, आणि हाताशी उंची असेल, तरच एअरस्टार्ट, म्हणजे हवेत इंजिन पुन्हा सुरू करणे. आग, आवाज किंवा थरथर असेल तर अजिबात नाही.

सुरू करतानाच तापले तर

नव्यांच्या हातून सर्वांत जास्त नुकसान पार्किंगमध्येच होते. बॅटरीवर सुरू करताना किमान २३ व्होल्ट हवेत, बाहेरची वीज जोडणार असाल तर बॅटरी किमान २० व्होल्टची. स्टार्टर लावा, एन-वन १२ टक्क्यांच्या वर जाऊन स्थिर होऊ द्या, मगच कंडिशन लिव्हर लो आयडलवर. त्याआधी इंधन सोडले तर हवा थोडी आणि आग मोठी, टर्बाइनची पाती जळतात. कमजोर बॅटरी आणि मागून येणारा वारा यांनीही असेच होते.

डोळे आयटीटीवर. सुरू करतानाची कमाल १,०९० अंश, तीही फक्त दोन सेकंद. पण काटा तिथे पोहोचायची वाट बघायची नसते. तो झपाट्याने चढतोय आणि एन-वन रेंगाळतेय असे दिसताच कंडिशन लिव्हर कटऑफवर आणि स्विच "स्टार्टर ओन्ली" वर. इग्निशन बंद, हवा चालू, आत साठलेली उष्णता बाहेर. घाबरून स्टार्टरच बंद केला तर ती उष्णता तिथेच कोंडते.

इंधन सोडल्यावर १० सेकंदांत आयटीटी हललीच नाही तर कटऑफ, स्विच बंद, थांबा, इंधन गळून जाऊ द्या, मग इंजिन क्लिअरिंग, म्हणजे इंधनाशिवाय नुसत्या स्टार्टरने इंजिन फिरवणे. स्टार्टरची मर्यादा अशी: ४० सेकंद चालू, ६० बंद; पुन्हा ४० चालू, ६० बंद; तिसऱ्यांदा ४० चालू, नंतर ३० मिनिटे विश्रांती.

आग, धूर, दाब

हवेत इंजिनाला आग लागली तर त्याच बाजूचा कंडिशन लिव्हर कटऑफ, प्रॉपेलर फेदर, फायरवॉल व्हॉल्व्ह बंद, आणि अग्निशामक बसवलेला असेल तर तो सोडा. इथेही बाजू दोनदा ताडून बघा, दिव्याची बाजू आणि हाताखालची बाजू. काही जुन्या विमानांतले आग ओळखणारे डोळे प्रकाशावर चालतात आणि तिरपे ऊन पडले तरी दिवा लावतात. विमान वळवल्यावर दिवा विझला आणि धूर, थरथर, आयटीटीतला बदल यांपैकी काहीच नसेल तर तसे असू शकते, पण ते ठरवताना मॅन्युअलची वाट सोडू नका.

केबिनमध्ये धूर आला की पहिले काम ऑक्सिजन मास्क. मग मास्कचा माइक चालू करा, नाहीतर तुम्ही बोलता आणि कोणालाच ऐकू जात नाही. त्यानंतर धूर विजेचा की ब्लीड एअरचा, म्हणजे इंजिनातून केबिनमध्ये येणाऱ्या हवेचा, हे शोधा. तारेच्या आवरणाचा जळका वास आणि हीटरमधून येणारा तेलकट धूर यांत नाकाला फरक कळतो. विजेचा असेल तर भार एकेक करून काढा, हवेचा असेल तर ब्लीड एअर व्हॉल्व्ह एकेक करून बंद करा.

केबिनमधला हवेचा दाब गेला तरी मास्क आधी. २५,००० फुटांवर भान तीन ते पाच मिनिटे टिकते, ३०,००० वर एक ते दोन. उतरण्यासाठी पॉवर आयडल, प्रॉपेलर पूर्ण पुढे, फ्लॅप अप्रोच, गिअर खाली, आणि वेग गिअरच्या १८२ नॉटच्या मर्यादेत. प्रॉपेलर पुढे नेल्याने पाती सपाट होतात आणि ब्रेकचे काम करतात. लिव्हर आयडलच्या खाचेवरून उचलून मागे मात्र कधीही नेऊ नका. हवेत रिव्हर्समध्ये गेलेला प्रॉपेलर सावरायला उंची पुरत नाही.

तेल, जनरेटर, प्रॉपेलर

तेलाचा दाब ८० पीएसआयच्या खाली आला तर पॉवर कमी करून जवळच्या विमानतळाकडे. ४० च्या खाली इंजिन बंद करणे किंवा ताबडतोब उतरणे. फेऱ्या २,२०० च्या वर जाऊन २,२८८ च्या आसपास अडकल्या तर मुख्य गव्हर्नर बिघडला आहे आणि ओव्हरस्पीड गव्हर्नर धरून आहे. पॉवर आणि वेग कमी करा. एक जनरेटर गेला तर स्विच रिसेटवर एक सेकंद धरून ऑन करा. दोनदा जमले नाही तर सोडून द्या आणि भार कमी करा.

रेडिओ या सगळ्यानंतर. विमान सांभाळा, कुठे जायचे ते ठरवा, मग बोला. जिवाला धोका असेल तर "मेडे" तीनदा, तातडी असेल तर "पॅन पॅन" तीनदा, ट्रान्सपाँडर ७७००. एटीसीने प्रश्न विचारले तरी हात मोकळा नसेल तर "स्टँड बाय" म्हणायला संकोच करू नका.

एका इंजिनावर उतरताना

लांब, सरळ अप्रोच मागा. ग्लाइड पाथ पकडेपर्यंत गिअर खाली घेऊ नका. फ्लॅप अप्रोचवर ठेवा. उतरणे नक्की झाले, धावपट्टी हातात आली, तेव्हाच पूर्ण फ्लॅप. पूर्ण फ्लॅप आणि गिअर खाली असताना एका इंजिनावर परत चढणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून तो निर्णय आधीच घेतलेला हवा. पॉवर कमी कराल तसतसा पायाचा जोरही कमी करत चला. रडर ट्रिम दिलेला असेल तर फ्लेअरमध्ये पॉवर काढताच तो उलटा ओढतो, त्यामुळे तो फायनलवरच शून्यावर आणा. चाके टेकल्यावर रिव्हर्स हळूहळू. एकाच बाजूचा रिव्हर्स विमानाला धावपट्टीबाहेर ओढतो.

सराव

हवेत इंजिन खरोखर बंद करून सराव करू नका. पॉवर लिव्हर शून्य जोराच्या टॉर्कवर ठेवतात. तो आकडा मॅन्युअलमध्ये आहे आणि तो प्रशिक्षकाने लावायचा असतो. टेकऑफनंतर लगेच इंजिन जाणे, त्यातही ऑटोफेदर न चालणे, हे सिम्युलेटरमध्येच करा. घरी खुर्चीवर बसून समोर सहा लिव्हरचे कागदी चित्र ठेवा आणि रोज दहा मिनिटे डावे, उजवे, डावे, उजवे करत पूर्ण क्रम हातांनी आणि तोंडाने म्हणा. पाय खरोखर दाबा. बोट चुकीच्या लिव्हरवर गेले की थांबा आणि पायरी १ पासून सुरू करा.

खऱ्या उड्डाणात मर्यादा ओलांडली गेली तर टेक लॉगमध्ये आकडा आणि वेळ लिहा: आयटीटी किती अंशांवर गेली, किती सेकंद, एन-वन तेव्हा किती होते. "जरा तापले होते" एवढे लिहून अभियंत्याला काहीच कळत नाही. पात्यांची कोणती तपासणी करायची हे त्याला त्या सेकंदांवरून ठरवायचे असते, आणि त्या विमानात पुढचे उड्डाण दुसरा कोणीतरी करणार असतो.